झडप आणि वारा

गुहागर हें गांव समुद्र आणि डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेलें आहे. व्याडेश्वराच्या देवळापासून वरच्या पाटांत जा किंवा खालच्या पाटांत जा, मांडणी तीच. रस्त्याला लागून घरें, पश्चिमेकडील घरांच्या मागें नारळी-पोफळींच्या वाड्या, आणि वाड्यांच्या पलीकडे वाळू व समुद्र. सकाळीं उन्हें वर आलीं कीं जमीन लवकर तापते. पाणी तितक्या लवकर तापत नाहीं. जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाऊं लागते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा आंत येते. हे खारे वारे. रात्रीं जमीन आधीं निवते आणि वारा उलट फिरतो. ते मतलई वारे. मचव्याच्या तांडेलास हीं दोन नांवें जितकीं परिचयाचीं, तितकीच त्या वाऱ्यांची वागणूक गुहागरच्या गृहिणीस परिचयाची असे.

जुनीं घरें या वाऱ्यांच्या हिशेबानेंच बांधलेलीं होतीं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती दुपारचें ऊन सहजासहजीं आंत पोंचूं देत नसत. कौलांच्या सांध्यांतून माळ्यावरची तापलेली हवा आपोआप निसटून जाई. ओटी व पडवी पुढें आलेल्या असल्यामुळें पावसाची झड आणि ऊन हीं दोन्ही खिडकीपासून चार हात दूर राहत. खिडक्यांना लाकडी गज आणि आंतून झडपा. दुपारचा वारा फार भणाणूं लागला म्हणजे घरांतील वडील बाई उठून एक झडप लोटून घेई, दुसरी अर्धवट ठेवी. माजघरांत बाळंतीण असली तर तेथील अगदीं बोटभर उघडी ठेवी. आणि स्वयंपाकघराची मात्र सताड उघडी, कारण तेथें चूल. तिन्ही खोल्यांतून येणारा वारा एकच, त्याची शीतलताहि एकच. ती शीतलता बदलणें कोणाच्याहि हातीं नव्हतें. हातीं होतें तें एवढेंच, कीं कोणत्या खोलींत किती वारा येऊं द्यावयाचा.

आज मुंबईंतील पुष्कळ मोठ्या कचेऱ्यांच्या छतांवर जे पत्र्याचे डबे टांगलेले असतात, ते दिवसभर हेंच काम करीत असतात. यंत्रानें थंड केलेली हवा एका मोठ्या नळांतून सर्व मजल्यावर फिरते. कारागिरांच्या भाषेंत त्या नळास डक्ट म्हणतात. प्रत्येक दालनाच्या वाटेवर एक डबा, डब्यांत एक झडप, आणि ती झडप त्या दालनाच्या गरजेप्रमाणें कमी-अधिक उघडणारें एक लहानसें यंत्र. या पद्धतीस ‘व्ही. ए. व्ही.’ असें इंग्रजी आद्याक्षरांचें नांव आहे. मराठींत बदलत्या वायुमानाची पद्धति म्हणतां येईल. खिडकीच्या झडपेपासून या डब्यापर्यंतची वाट मात्र सरळ नाहीं. मध्यंतरीं सुमारें दीडशें वर्षें गेलीं, आणि त्यांतील बराच काळ मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं चुकीची कळ फिरविण्यांत घालविला.

बंद इमारतींत यंत्राच्या साहाय्यानें हवा खेळविण्याचा पहिला गाजलेला प्रयोग लंडनच्या पार्लमेंटांत झाला. इ. स. १८३४ मध्यें जुनें सभागृह जळून गेलें. तात्पुरत्या सभागृहांत हवा खेळविण्याचें काम १८३६ च्या सुमारास डॉ. डेव्हिड बॉस्वेल रीड या स्कॉटिश रसायनज्ञाकडे सोंपविण्यांत आलें. त्यानें एक उंच धुराडें उभारून त्यांत विस्तव पेटविला. वर जाणाऱ्या तप्त हवेच्या ओढीनें सभागृहांतील कोंदट हवा बाहेर खेंचली जाई, आणि ताजी हवा जमिनीला पाडलेल्या असंख्य छिद्रांतून व वरच्या केंसाळ गालिच्यांतून आंत येई. कल्पना उत्तम; परंतु सभासदांचें समाधान होईना. एकास उकडे त्याच वेळीं दुसऱ्यास हुडहुडी भरे. पुढें नव्या राजवाड्याच्या बांधकामांत रीड आणि शिल्पज्ञ चार्ल्स बॅरी यांचें इतकें बिनसलें कीं १८५२ मध्यें रीड यास जावें लागलें. त्याचें खरें यश लिव्हरपूल येथें दिसलें. तेथील सेंट जॉर्जेस हॉल १८५४ मध्यें खुला झाला, तेव्हां त्याच्या पोटांतील भुयारांतून जाणारी हवा कोणत्या दालनाकडे किती वळवावयाची हें ठरविण्यासाठीं किंतानी झडपा बसविलेल्या होत्या आणि त्या उघडण्या-मिटण्यास माणसें ठेवलेलीं होतीं. गुहागरच्या गृहिणीचें काम पगारी नोकरांकडे गेलें, एवढाच काय तो फरक.

हिंदुस्थानांत त्या वेळीं असा नोकर म्हणजे पंखेवाला. कचेरींत, न्यायालयांत आणि साहेबांच्या बंगल्यांत छताला लोंबणारा कापडी पंखा दोरीनें ओढणारा हा मनुष्य बाहेरच्या पडवींत बसे. आंतील माणसास किती उकडतें तें त्यास दिसत नसे. आंतून हांक आली कीं तो जोरानें ओढी आणि हांक थांबली कीं पेंगे. नागपूर-वऱ्हाडकडे दाराला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. कोरड्या हवेंत पाणी झपाट्यानें वाफ होतें व ती वाफ होतांना हवेंतील उष्णता शोषून घेतें, म्हणून तेथें हा उपाय रामबाण ठरला. कोंकणांत तोच पडदा लावून पाहणाराची निराशा होते. समुद्रकांठची हवा आधींच पाण्यानें भरलेली. तिच्यांत आणखी वाफ शिरण्यास जागा नाहीं. कोंकणच्या उकाड्याचें मूळ उष्णतेपेक्षां ओलाव्यांत अधिक आहे, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार आहे.

गुहागरकडचा मनुष्य पोटासाठीं मुंबईस जाऊं लागला तो दाभोळ बंदरांतून आगबोटीनें. तो उतरला गिरणगांवांतील चाळींत. समुद्राच्या वाऱ्याशीं ज्याचा जन्माचा घरोबा, तो दहा बाय दहाच्या खोलींत आठ-दहा गांवकऱ्यांसह राहूं लागला. पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या, उजेड-वारा काय यावयाचा तो एका बाजूच्या सज्जांतून. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें, आणि या कोंदट खोल्यांकडे सरकारचें लक्ष गेलें. १८९८ मध्यें मुंबईची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. या ट्रस्टनें घरबांधणीसाठीं जो प्रकाशकोनाचा नियम पुढें आणला तो ६३॥ अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. आंकडा चमत्कारिक वाटतो. पण त्याचा अर्थ सोपा आहे. समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच असूं नये. दहा फूट मोकळी जागा सोडली तर भिंत वीस फुटांवर जाऊं द्यावयाची नाहीं. गंमत अशी कीं प्लेग कोंदट हवेनें होतच नव्हता. त्याच १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें तो उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो असें दाखवून दिलें. कारण चुकलें तरी उपाय फुकट गेला नाहीं. त्या नियमानें बांधलेल्या वस्त्यांतील लोकांना पुढील शंभर वर्षें उजेड आणि वारा मिळाला.

चाळींतून गिरणींत गेलें कीं हवेचा निराळाच प्रकार. कोरड्या हवेंत कापसाचें सूत तटातट तुटतें, म्हणून विणकाम-खात्यांत मुद्दाम वाफ आणि पाण्याचे तुषार सोडीत. एप्रिल-मे महिन्यांत, वरून पत्रे तापलेले असतांना, साच्यावर उभा असलेला कामगार घामानें निथळे. परंतु हवा त्याच्यासाठीं नव्हतीच, ती सुतासाठीं होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यांत ताज्या हवेसंबंधीं आणि कृत्रिम ओलाव्यासंबंधीं स्वतंत्र कलमें घालावीं लागलीं, तीं उगीच नव्हेत.

आणि वातानुकूलनाची सारी विद्याच मुळांत अशी वस्तूंच्या सेवेंतून जन्मली आहे. १९०२ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत रंगीत चित्रें छापतांना एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर नेमका बसेना; हवेंतील ओलाव्यानें कागद फुगे आणि आखडे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरनें हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यांतील ओलावा काढून टाकण्याची योजना आंखली. ‘वातानुकूलन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९०६ मध्यें प्रचारांत आणला तो स्टुअर्ट क्रेमर यानें, आणि तोहि सूतगिरण्यांच्या कामासाठीं. कागद आणि सूत यांचे चोंचले पुरविल्यानंतर मग माणसाची पाळी आली. मुंबईंत ती १९३३ सालीं आली. कुलाब्याच्या नाक्यावर ऑक्टोबर महिन्यांत रीगल चित्रपटगृह उघडलें तें वातानुकूलित होतें. चित्रपटगृहास हवा देणें त्या मानानें सोपें. दालन एक, माणसें एकाच वेळीं येणार, एकाच वेळीं जाणार, खिडकी नाहीं, ऊन नाहीं. थंडी किती हें ठरविलें कीं काम संपलें.

कचेरीचें तसें नसतें. सकाळीं नऊ वाजतां पूर्वेकडील दालनें तापतात, दुपारीं चार वाजतां पश्चिमेकडील. मधल्या भागांत ऊन कधींच पोंचत नाहीं, पण तेथें दिवे, माणसें आणि यंत्रें यांची उष्णता सदोदित असते. एका खोलींत दहा माणसांची सभा भरते, शेजारची खोली रिकामी. प्रत्येक जागेस वेगळी थंडी हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत कांचेच्या इमारती उठूं लागल्या, तेव्हां इंजिनियरांनीं या प्रश्नास दिलेलें उत्तर आज ऐकलें तर हंसूं येईल. त्यांनीं सर्व दालनांस सदैव सारखीच हवा सोडली, आणि तीहि सर्वांत तापलेल्या खोलीस लागेल इतकी थंड, म्हणजे सुमारें १३ अंश सेंटिग्रेड. ज्या खोलींत इतकी थंडी नको, तिच्या तोंडाशीं एक शेगडी बसविली आणि थंड केलेली हवा पुन्हां तापवून आंत सोडली! दुसरी एक पद्धति होती, तिच्यांत एक गरम व एक थंड असे दोन नळ नेऊन त्यांतील हवा खोलीच्या दाराशीं मिसळीत. दोन्हींचें तत्त्व एकच: वाऱ्याचें मान कायम, शीतलता बदलती. गुहागरच्या गृहिणीच्या रीतीची ही नेमकी उलटी बाजू. पुढच्या दारानें बर्फ आणि मागच्या दारानें निखारे आणण्याचा हा संसार चालला याचें कारण एवढेंच, कीं तेव्हां तेल स्वस्त होतें.

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली आणि कांहीं महिन्यांत तेलाचे भाव चौपटीच्या घरांत गेले. बदलत्या वायुमानाची कल्पना त्यापूर्वींहि लोकांना ठाऊक होती, कोठें कोठें वापरांतहि होती. परंतु तिला मोल आलें तें या दिवसांपासून. हवा एकाच शीतलतेची ठेवावी आणि खोलीस नको असेल तर ती थोडी सोडावी, ही साधी गोष्ट एकाएकीं शहाणपणाची ठरली.

खोलींतील उष्णता ओळखणारें साधन तर कधींच तयार होतें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत व्हाइटवॉटर येथील अध्यापनशाळेंत वॉरन जॉन्सन नांवाचे एक शिक्षक होते. हिवाळ्यांत शाळेचा शिपाई दर थोड्या वेळानें वर्गांत शिरून किती थंडी आहे तें पाही आणि खालीं तळघरांत जाऊन झडपा कमी-अधिक करी. शिकविण्यांत वारंवार येणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनीं एक विजेचें उपकरण योजलें आणि १८८३ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. पुढें १८९५ मध्यें त्यांनीं दाबलेल्या हवेच्या जोरावर झडपा हालविण्याच्या युक्तीचेंहि पेटंट मिळविलें. भिंतीवरील थर्मोस्टॅटनें बारीक नळींतील हवेचा दाब कमी-जास्त करावयाचा आणि त्या दाबानें दूरची झडप फिरावयाची, ही रीत सत्तर-ऐंशीं वर्षें टिकली. आतां त्या जागीं विजेचीं व गणकयंत्राचीं उपकरणें आलीं आहेत.

डब्याच्या आंत काय चालतें तें थोडें पाहण्यासारखें आहे. केवळ उष्णता पाहून झडप फिरविली तर एक अडचण येते. समजा, मजल्यावरील चार खोल्यांनीं आपल्या झडपा मिटल्या. नळांतील दाब वाढतो, आणि पांचव्या खोलीची झडप मुळींच हालली नसतांहि तिच्यांत वारा जोरानें शिरूं लागतो. तेथील माणसें कुडकुडतात, थर्मोस्टॅट उशिरानें जागा होतो, झडप मिटते, मग पुन्हां उकडतें. यावर तोड म्हणून डब्याच्या तोंडाशीं वाऱ्याचा वेग मोजणारी बारीक छिद्रांची एक फुली बसविलेली असते. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि नुसता नळांतला दाब यांच्या फरकावरून वेग कळतो, व वेगावरून वायूचें मान. थर्मोस्टॅट झडपेला आज्ञा करीत नाहीं. तो फक्त ‘इतकी हवा पाहिजे’ असें सांगतो. ती नेमकी येते कीं नाहीं हें फुली पाहते आणि कमी-अधिक असेल तर झडप हालविते. नळांतील दाब चढो कीं उतरो, खोलीस ठरलेली हवा मिळते.

सर्व झडपा मिटूं लागल्या म्हणजे मुख्य पंख्यानें काय करावें? नळाच्या बऱ्याच पुढच्या अंगास, बहुधा दोन-तृतीयांश अंतरावर, दाब मोजणारें साधन ठेवतात. दाब वाढला कीं पंखा मंद होतो. आरंभीं यासाठीं पंख्याच्या तोंडाशीं फिरत्या पात्यांची एक कडी बसवीत. पातीं मिटलीं कीं पंख्याला हवा कमी मिळे. पुढें विजेच्या प्रवाहाची कंपनसंख्या बदलून पंख्याचा वेगच कमी करणारीं यंत्रें स्वस्त झालीं. आणि खरी बचत येथें आहे. पंख्यास लागणारी शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वारा शंभराचा ऐंशीं केला तर शक्ति शंभराची एक्कावन्न लागते; निम्मा केला तर साडेबारा. प्रत्यक्षांत नळांत कांहीं दाब कायम राखावा लागतो, म्हणून इतका लाभ पदरीं पडत नाहीं. तरी जो पडतो तो थोडा नव्हे. शिवाय पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दालनें एकाच वेळीं तापत नसल्यामुळें सगळ्यांच्या कमाल गरजांची बेरीज करून पंखा घ्यावा लागत नाहीं. सूर्य इमारतीभोंवतीं फिरतो तसा वाराहि तिच्या आंत फिरतो.

हें सारें कागदावर जितकें सुरेख, तितकें छतावर उतरतेंच असें नाहीं. डब्याच्या आधीं नळाचा तीन-चार व्यासांइतका तरी भाग सरळ असावा लागतो, नाहीं तर वळणावर घुसळलेली हवा फुलीला खोटें माप देते. जागा नसली कीं कारागीर तेथें मऊ वाकणारा नळ दुमडून बसवितो, आणि मग ती खोली जन्मभर रडते. थर्मोस्टॅट उन्हाच्या भिंतीवर किंवा नकला काढणाऱ्या यंत्रामागें लावला तर त्याला खोलीची नव्हे, त्या भिंतीची किंवा यंत्राचीच उष्णता कळते, आणि माणसें गारठलीं तरी तो हवा मागतच राहतो. कचेरींत मागाहून लाकडी पडदी उभारून एका खोलीच्या दोन केल्या, तर थर्मोस्टॅट एकींत आणि त्याची झडप दुसरींत, असाहि प्रकार होतो. काम झाल्यावर प्रत्येक जाळीखालीं कापडी टोपडें धरून निघणारी हवा मोजावी लागते आणि डब्यानें सांगितलेल्या मापाशीं ती ताडून पाहावी लागते. हें कंटाळवाणें काम टाळण्याकडे सर्वांचा कल असतो. बसविण्याचे पैसे दिसतात. जुळवणीचे दिसत नाहींत.

याहून गंभीर चूक पश्चिमेकडे घडली, आणि ती चूक काटकसरीच्या पोटीं आली. खोलीस थंडी नको म्हणून झडप मिटली, तर थंडीबरोबर ताजी हवाहि थांबते. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनीं १८५८ मध्येंच दाखविलें होतें कीं कोंडलेल्या खोलीचा दोष मोजावयाचा तर माणसांच्या श्वासांतून सांचणारा कार्बनी वायु मोजावा. दहा हजार भागांत दहा भागांवर तो जाऊं देऊं नये. तेलाच्या टंचाईनंतर हा धडा मागें पडला. अमेरिकन इंजिनियरांच्या संस्थेनें १९८१ च्या प्रमाणांत माणसामागें ताज्या हवेचें किमान मान मिनिटास पांच घनफूट इतकें खालीं आणलें. खिडक्या न उघडणाऱ्या इमारतींतून लोक डोकेंदुखी, डोळ्यांची जळजळ आणि सुस्ती यांच्या तक्रारी करूं लागले. ‘आजारी इमारत’ असा शब्दच रूढ झाला. याचा सगळा दोष कमी हवेवर टाकतां येणार नाहीं, नव्या रंगांतून व सामानांतून निघणारे वायूहि त्यांत होते. परंतु १९८९ मध्यें तेंच मान पांचाचें पंधरा घनफूट करावें लागलें. तेव्हांपासून चांगल्या डब्याची झडप पुरती मिटूं देत नाहींत; तिला एक किमान मर्यादा घालून दिलेली असते. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बोटभर तरी उघडी ठेवणाऱ्या बाईला ही मर्यादा कोणी शिकविलेली नव्हती.

मुंबईंत या विद्येला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती पावसाळ्यांत. जुलै महिन्यांत बाहेर उष्णतामान फारसें नसतें, ऊनहि नसतें; परंतु हवा पाण्यानें चिंब. अशा दिवशीं थंडी कमी लागते म्हणून यंत्रांतील हवा कमी थंड केली, तर तिच्यांतील ओलावा निघतच नाहीं. पाणी निथळतें तें हवा पुरेशी थंड नळ्यांवरून गेली तरच. मग कचेरींत उकडत नाहीं, पण अंग चिकचिकतें, कागद मऊ पडतात, कपाटांतील चामड्यावर बुरा चढतो. वाळ्याचा पडदा कोंकणांत ज्या कारणानें हरला त्याच कारणानें शीतलतेची कळ फिरविणारी पद्धतिहि येथें हरते. हवा तशीच थंड ठेवून तिचें मान कमी करणारी झडप मात्र ओलावा काढीत राहते. पश्चिमेनें जी पद्धति तेलाच्या भावासाठीं स्वीकारली, ती या किनाऱ्याला त्याच्या हवेमुळेंच मानवते. तरीहि ठरलेलें किमान मान फार वर ठेवलें तर रिकाम्या खोल्या गारठतात, आणि पावसाळ्यांत मुंबईच्या कचेऱ्यांतून दिसणाऱ्या शाली व स्वेटर यांचें कारण पुष्कळदां तेवढेंच असतें.

आपल्याकडे हा विचार कायद्याच्या भाषेंत यावयास बराच काळ लागला. ऊर्जा-संवर्धनाचा कायदा २००१ चा, त्याखालीं केंद्रीय संस्था २००२ मध्यें निघाली, आणि मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं ऊर्जा-बचतीची संहिता २००७ मध्यें प्रसिद्ध झाली. २०१७ मध्यें ती सुधारली. तोंवर मुंबई-पुण्यास कांचेच्या इमारती पुष्कळ उठून गेल्या होत्या, आणि त्यांना थंड ठेवण्यास लागणारी वीज कोठून आणावी हा प्रश्न राज्यापुढें उभा होता.

त्या प्रश्नाचें एक उत्तर फिरून गुहागर तालुक्यांतच येऊन ठेपलें. गुहागरच्या उत्तरेस, वाशिष्ठीच्या मुखाशीं, गोपाळगडाच्या किल्ल्याजवळ अंजनवेलचा कातळ आहे. पलीकडच्या तीरावरील दाभोळचें नांव घेऊन १९९३ मध्यें अमेरिकेंतील एन्‌रॉन कंपनीनें तेथें वीजकेंद्राचा करार केला. १९९५ मध्यें राज्यांतील नव्या सरकारनें तो रद्द केला, १९९६ मध्यें पुन्हां केला. १९९९ च्या मे महिन्यांत ७४० मेगावॅटचा पहिला भाग राज्याच्या जाळ्यास वीज देऊं लागला, आणि २००१ च्या मे महिन्यांत, विजेच्या भावावरून वाद विकोपास जाऊन, केंद्र बंद पडलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीचें दिवाळें निघालें. २००५ मध्यें सरकारी कंपन्यांनीं रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नांवानें केंद्र आपल्याकडे घेतलें. ज्यांच्या जमिनी त्या कातळावर होत्या त्यांनीं या काळांत मोर्चे पाहिले, लाठ्या पाहिल्या, तुरुंग पाहिला. वीज महाग कीं स्वस्त हा वाद मुंबईच्या वर्तमानपत्रांत आंकड्यांचा होता. वेलदूर-अंजनवेलच्या कोळ्यांना तो खाडीचा आणि मासळीचा होता. थंड कचेरींतील पंखा किती वेगानें फिरतो, याचा संबंध असा थेट एका किनाऱ्याशीं पोंचतो.

त्या केंद्रांतील यंत्रें वायूवर चालणारीं टरबाइनें आहेत, आणि तींहि श्वास घेतात. बाहेरची हवा ओढून, दाबून, तिच्यांत वायू जाळून तीं फिरतात. हवा तापली कीं विरळ होते. त्याच तोंडानें मग कमी वजनाची हवा आंत शिरते, आणि दर अंशाला सुमारें अर्धा ते एक टक्का शक्ति घटते. म्हणजे ज्या मे महिन्याच्या दुपारीं शहरांतील शीतयंत्रें सर्वांत अधिक वीज मागतात, त्याच दुपारीं अशीं टरबाइनें सर्वांत कमी देतात. खाऱ्या वाऱ्यांतील मीठ त्यांच्या पात्यांस बाधूं नये म्हणून हवा आधीं गाळून घ्यावी लागते. आणि विजेची मागणी कमी झाली म्हणजे टरबाइन मंदावण्यासाठीं त्याच्या तोंडाशीं फिरत्या पात्यांची एक कडी असते, जुन्या वातानुकूलनाच्या पंख्याच्या तोंडाशीं असे तशीच. रात्रीं मागणी उतरली कीं तीं पातीं तिरपीं होतात आणि यंत्रांत समुद्राकडची हवा थोडी शिरते. सकाळीं मागणी चढली कीं पुन्हां उघडतात. तेथून थोड्या मैलांवर, खालच्या पाटांतील एखाद्या जुन्या घरांत, दुपारचा वारा सुटला म्हणजे अजूनहि कोणी तरी उठून पश्चिमेची झडप लोटून घेतें.